मँगो पारकरचा शेवटचा चेंडू

दाभोळ,
१४ ऑक्टोबर २०२४

गनी,

हे पत्र अझीमच्या हाती देतोय. तो शुक्रवारी दमामला परत निघालाय. त्याच्या बॅगेत इफ्फतभाभीने तुझ्यासाठी सोडे बांधून दिलेत, त्यांच्या खाली हे सापडेल. वास आला तर तो सोड्यांचा आहे, माझ्या अक्षराचा नाही.

फोन का नाही केला, म्हणशील. अरे, तू फोन कानाला लावायचंच सोडलंयस. स्पीकरवर बोलतोस, आणि तुझ्या खोलीत दाभोळचे चार जण. मी इथे खोकलो तरी तासाभरात तुमच्या मोहल्ल्यातून काढा येतो. खासगी बोलायचं तर कागदच बरा.

आता खासगी. माझ्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर इतका कोकलतो, की आत आलेल्या माणसाला वाटतं आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. त्या आवाजाखालचं ऐकत ऐकतच मी हातगाडीवरून कारखान्यापर्यंत आलो, हे तुला ठाऊक आहे. काल तुझा मेहुणा बर्फाची लादी न्यायला आला होता. सोबतच्या माणसाला म्हणाला, "भावजींसाठी मुंब्र्याला फ्लॅट बघून ठेवलाय. मार्चमध्ये रिटायर झाले की तिकडेच. बहिणीला अजून बोललो नाय."

म्हणजे चौतीस वर्षं गल्फमध्ये काढून तू उतरणार मुंब्र्याला. आणि इफ्फतभाभी इथे तुझ्यासाठी मागच्या पडवीला नवी कौलं घालून घेतेय.

कारण मला सांगू नकोस. दर सुट्टीला येतोस, सगळीकडे फिरतोस, फक्त वर सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, चढत नाहीस. सड्यावर मॅच असली की तुला नेमका चिपळूणला दात दाखवायचा असतो. एकोणनव्वदची फायनल तुझ्या पोटात अजून आहे. अंजनवेलचा बाळा अंपायर, तुझी शेवटची ओव्हर, आणि चार चेंडू ओळीने नो बॉल. हात वाकतो म्हणून. मग आपल्याच मंडळाने ठराव केला: अब्दुल गनी पारकर याला जन्मभर बंदी. वर 'वाकडा गनी' हे नाव गावाने दिलं ते वेगळं.

येत्या जानेवारीत स्पर्धेला पन्नास वर्षं होतायत. मंडळाचा अध्यक्ष मी. तू ये. सड्यावर ये. फ्लॅटचं मग बघू.

तुझा,
रावजी

०

दमाम,
५ नोव्हेंबर २०२४

रावजी दोस्त,

सोडे पोचले. पत्र सोड्यांसकट शिजायचं थोडक्यात वाचलं.

फ्लॅटबिट काही नाही. मेहुण्याला बोलायची सवय आहे. बघून ठेवलाय म्हणजे बघून ठेवलाय, माणूस रस्त्याने जाताना बंगलेपण बघतो. इफ्फतला यातलं काही बोलू नकोस.

सड्यावर मी येणार नाही. बाळा अंपायर खोटा होता असं मी कधी म्हटलं नाही. हात माझा वाकतच होता. लहानपणापासून बापाच्या बागेत दगड मारून आंबे उतरवले, देठावर मारायचा आणि फळाला ओरखडा नाही. त्या हाताला तुम्ही सांगता सरळ राहा. पण चूक दाखवायची ती एकदा. चार वेळा आख्ख्या खाडीला दिसेल असा हात आडवा करायचं काय कारण होतं? आणि गावाने ते नाव माझ्या पोरीच्या लग्नातसुद्धा काढलं.

इथे मला कुणी वाकडा म्हणत नाही. इथे मी 'मँगो'. तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तू मध्येच चहा सांगतोस. आता पत्रात आहेस, तर गप्प ऐक.

नव्वदला आलो तेव्हा कॅम्पात पहाड, म्हणजे इमारतीची परांची, बांधायचं काम करायचो. जुम्म्याला शेजारच्या मैदानात बेसबॉल चाले. फिलिपिनो, कोरियन, जपानी, दोन-तीन अमेरिकन फोरमन. मी कुंपणाबाहेर चहा पीत बघायचो. एकदा चेंडू कुंपणावरून माझ्या पायाशी आला. मी डाव्या हातातला चहा न सांडता उजव्या हाताने परत फेकला. तो मैदान ओलांडून थेट त्यांच्या कीपरच्या हातमोज्यात. त्या कीपरचं नाव रोमेल. त्याने मोजा काढला, हाताला फुंकर मारली आणि विचारलं, कुठे शिकलास. मी म्हटलं, मँगो. झालं नाव.

त्या खेळात बोलर धावत येत नाही. मातीच्या ढिगाऱ्यावर उभा राहून जागेवरून फेकतो, आणि हात वाकवूनच फेकतो. सरळ ठेवला तर हसतात. मला पहिल्या दिवशी वाटलं, अल्लाने माझ्यासाठी खेळ काढला आणि पत्ता चुकवला. रोमेल म्हणाला, बॅटवाल्याने मैदानाबाहेर मारला की सगळ्यांत मोठी धाव. मी म्हटलं, आमच्याकडे बाहेर गेला की खाडीत जातो, म्हणून तो आऊट, वर पोहून आणायचा त्यानेच. रोमेल अजून तो किस्सा सांगतो.

एकवीस वर्षं मी टाकली. एका फायनलला समोरच्या टीमचा एकही गडी पहिल्या उशीपर्यंत पोचला नाही. (धावताना पाय टेकायला जमिनीवर कॅनव्हासच्या चौकोनी उशा असतात. बसायला नव्हे, तू विचारशील म्हणून लिहितो.) माझा एक हळू चेंडू होता, त्याला रोमेलने नाव दिलं 'लंच ब्रेक'. बॅटवाला बॅट फिरवून, जेवून परत येईपर्यंत तो पोचायचा नाही. बहारीनहून लोक तो बघायला यायचे.

एवढं सगळं झालं, आणि गावाला त्याचं काय? तुमची बंदी जन्माची आहे, ती पाळतो. हां, सड्यावर बेसबॉलचा ढिगारा बांधलात, आणि बाळा स्वतः अंपायर म्हणून उभा राहिला, तर येईन. म्हणजे येणार नाही हे तुला कळलं असेल.

गनी

०

दाभोळ,
२६ नोव्हेंबर २०२४

मँगोसाहेब,

मीटिंग झाली, तुझ्या दोन्ही अटी मंजूर.

ठराव असा: जन्मभराची बंदी क्रिकेटपुरती आहे, ती तशीच राहील. पन्नासाव्या वर्षानिमित्त फायनलच्या आधी बेसबॉलचा प्रदर्शनीय सामना. कुणी विरोध केला नाही, कारण बेसबॉल काय ते कुणालाच माहीत नव्हतं. आपला सागर म्हणाला, "त्यात बॅट गोल असते ना, मग मी मारणार." सागर आत्ताचा आपला सगळ्यांत मोठा फटकेबाज. आता खाडीत गेला की आऊट नाही, सहा धावा; मागच्या वर्षी त्याने इतके चेंडू खाडीत घातले, की शेवटी होडी भाड्याने घ्यावी लागली.

बाळाकडे मी स्वतः गेलो. फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो, तिथून अंजनवेल. तो आता शहात्तर वर्षांचा आहे. ओट्यावर पान लावत बसला होता. मी सरळ विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. म्हणून म्हटलं, "बाळाभाऊ, अंपायर तुम्हालाच करणार होतो, पण तुमच्याच गावचे म्हणतायत आता त्यांना दिसत नाही, उगाच त्रास कशाला." त्याने सुपारी कातरता कातरता विचारलं, "कोण म्हणतो?" मी म्हटलं, नावं कशाला. त्यावर आत ओरडला, "माझी पांढरी टोपी काढून ठेव गो."

आता ढिगारा किती उंच, किती रुंद, वर काय लावतात, ते सविस्तर कळव. अंपायरने काय करायचं तेही. चिऱ्याचा बांधू का? चिरे माझ्याकडे शिल्लक आहेत.

रावजी

०

दमाम,
९ डिसेंबर २०२४

रावजी,

तू माणूस आहेस की पोस्टमन? मी नाही लिहून पाठवलं आणि तू हो म्हणून वाचलंस.

अरे, हे असं होत नाही. चेंडू वेगळा लागतो, टणक, चामड्याचा. लागला तर सागरचे दात सापडणार नाहीत. हातमोजे लागतात. एका बाजूला नऊ माणसं लागतात, ती कुठून आणणार? जानेवारीत मला रजा मिळेल असं नाही. हवाही थंड असते, थंडीत हात मोकळा होत नाही.

तरी विचारलंस म्हणून लिहितो. ढिगारा चिऱ्याचा नको, वेडा आहेस काय, घसरून मरेन. मातीचा, चांगला चोपलेला, गोल, मध्ये वीतभर उंच, कडेला उतरता. वर मधोमध एक पांढरी पट्टी, तिला पाय लावून टाकायचं. बॅटवाल्याचा फटका चुकला की अंपायरने उजवा हात वर करायचा. त्याला काम एवढंच.

पण हे नुसतं माहितीसाठी. बांधू नकोस.

गनी

०

दाभोळ,
१९ डिसेंबर २०२४

रावजीभाऊ,

समोर येऊन बोलले असते, पण तुमच्या कारखान्यात ओरडून बोलावं लागतं आणि हे ओरडण्याचं नाही. शेजारची फरीदा लादी न्यायला येतेय, तिच्याकडे देते.

यांनी तुम्हाला नाही म्हटलं ते रागाने नाही. यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. चार वर्षं झाली. मला सांगितलेलं नाही. पण मला डोळे आहेत. व्हिडिओ कॉलवर टोपी डाव्या हाताने घालतात. फोन कानाला लावत नाहीत, कारण उजवा हात कानापर्यंत पोचत नाही आणि डावा कान तिकडे कंपनीच्या कॉम्प्रेसरपाशी काम करून गेला. म्हणून स्पीकर. लोक म्हणतात पारकर गल्फला जाऊन शायनिंग मारतो.

आता गावात यायचं, लोकांनी म्हणायचं टाकून दाखव, आणि यांचा हात अर्ध्यावर राहायचा. त्यापेक्षा मुंब्रा बरं, असं यांनी ठरवलंय. हो, फ्लॅटचं मला माहीत आहे. यांनी माझ्या भावाला स्पीकरवरच सांगितलं ना.

मी मुंब्र्याला जाणार नाही. सातव्या मजल्यावर मी मासे कुठे सुकवू? पण यांना हसं करून आणलेलं मला नको. तुम्ही यांना बोलवा, आणि इज्जतीने बोलवा. कसं ते तुम्ही बघा, तुम्हाला चार लोक हुशार म्हणतात.

मी हे लिहिलं ते त्यांना कळता कामा नये.

इफ्फत

०

दाभोळ,
२९ डिसेंबर २०२४

गनी,

ढिगारा बांधून झाला. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

मी गोलच सांगितला होता. पण आपला गवंडी हिशेबी. तो म्हणाला, "टाकणार एकाच बाजूला ना? मग चारी बाजूला माती कशाला फुकट घालवायची?" म्हणून त्याने लांबट केला. माणसाच्या उंचीएवढा लांब, दीड हात रुंद, वीतभर उंच, वरून गोलसर. पांढरी पट्टी मधोमध ठेवली तर पाय अडकेल, म्हणून एका टोकाला उभी रोवली. संध्याकाळी मी सड्यावर गेलो आणि लांबून बघूनच गवंड्याला हाक मारली. तुझ्या लक्षात आलंच असेल ते कशासारखं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर कुणीतरी मोगरा ठेवला होता. दुपारी उदबत्ती. मोहल्ल्यात बातमी, की सड्यावर कुणा बुजुर्गाची कबर वर आलीये. आमच्या वाडीत बातमी, की गावाच्या राखणदार देवाने जागा दाखवली. मी ओरडून सांगितलं की अरे, हा खेळाचा ढिगारा आहे, काल टेम्पोने माती आणली. एक म्हातारी म्हणाली, "माती तू आणलीस, पण तुला बुद्धी कुणी दिली?"

आता तिथे सगळे चपला काढून जातात. गुरंसुद्धा हाकलतात. मोडायचं नाव काढलं तर मलाच मोडतील. तेव्हा तुला अनवाणी टाकावं लागेल, त्याची तयारी ठेव.

दुसरी गोष्ट. मंडळाने ठरवलंय की प्रदर्शनीय सामन्यात चेंडू एकच टाकायचा. रोमेलकडून एकच चेंडू आण. तो खाडीत गेला तर दुसरा कुठून आणणार? नऊ माणसं नकोत, बॅटवाला सागर, मागे कीपर मी, जुने कीपिंगचे मोजे उंदरांनी थोडेच खाल्लेत. आणि कसा टाकायचा त्याला बंधन नाही. वरून टाक, कमरेतून टाक, हळू टाक. तू टाकशील तो बेसबॉल, कारण दुसरा कुणाला माहीत नाही.

बाळा रोज आरशासमोर उभा राहून सराव करतो म्हणे. तोंडात पान असलं की तो बोलत नाही आणि पान सतत असतं, त्यामुळे जे काय असेल ते हातानेच दाखवेल.

रावजी

०

दमाम,
७ जानेवारी २०२५

रावजी,

एकच चेंडूचा नियम जगात कुठल्याही खेळात नाही. कमरेतून टाक, हळू टाक. हे तुला कोणी सांगितलं ते मी विचारत नाही. व्हिडिओवर तिची नजर माझ्या टोपीवर असते, ते मला दिसतं; तिला म्हणावं, टोपी मी आता घालतच नाही.

खांद्याचं खरं आहे. डॉक्टर म्हणाला, आखडलाय, बर्फ लावत जा. मी म्हटलं, माझा दोस्त बर्फाचा कारखानदार आहे, इथे विकत कशाला घेऊ. तो हसला नाही, त्याला मराठी येत नाही.

खूप विचार केला. नव्वद साली चाळीस यार्डांवरून टाकणारा गनी तुम्हाला दिसणार नाही. पण 'लंच ब्रेक'ला खांदा लागत नाही, बोटं लागतात. बोटं शाबूत आहेत. एक टाकतो. नीट पडला तर बरं. नाही पडला तर मार्चमध्ये मुंब्रा, आणि मग यावर तू एक शब्द बोलायचा नाहीस, इफ्फतनेही नाही. कबूल असेल तर एअरपोर्टवर गाडी पाठव.

आणि तो मोगरा कोण ठेवतं, त्याला सांग, जिवंत माणसाच्या ढिगाऱ्यावर फुलं ठेवू नये. निदान मॅच होईपर्यंत.

गनी

०

दाभोळ,
२० जानेवारी २०२५

गनी,

तुझं घर माझ्या दारातून दिसतं, तरी लिहितोय. काल रात्री आलो होतो. इफ्फतभाभी दारातूनच म्हणाली, "झोपलेत." आतून तुझ्या खोकल्याचा आवाज आला. माझे कान तुला माहीत आहेत. भेटायचं नव्हतं, हे कळलं.

काल तू चेंडू टाकल्यावर एक शब्द न बोलता उतरलास, चपला हातात घेतल्यास आणि पाखाडीच्या पायऱ्यांनी खाली गेलास. मागे काय झालं ते तुला कळायला हवं. नंतर काय करायचं ते तू ठरव.

पहिलं म्हणजे, असा चेंडू मी माझ्या जन्मात पाहिला नाही. तू चपला काढून ढिगाऱ्यावर चढलास तेव्हा आख्खा सडा उभा राहिला. काही तुझ्यासाठी, काही ढिगाऱ्यासाठी, पण उभा राहिला. हात कमरेपाशी वळला आणि चेंडू निघाला तो जणू रस्ता विचारत विचारत. सागरने बॅट फिरवली तेव्हा चेंडू अर्ध्यावर होता. तो स्वतःभोवती फिरला, बसला, आणि बसल्या जागेवरून त्याने चेंडू आपल्या नाकासमोरून माझ्या मोज्यात जाताना पाहिला. माझ्या हाताला तो फूल ठेवल्यासारखा लागला.

मग बाळाचा हात आडवा झाला.

तसाच आडवा, एकोणनव्वदसारखा, सगळ्या खाडीला दिसेल असा. तोंडाने काहीतरी पुटपुटला, पण पान होतं. हे कान असून मला कळलं नाही, याची लाज वाटते. लोक ओरडले, "नो बॉल." आणि तू उतरलास.

तू गेल्यावर सड्यावर मारामारीच व्हायची. सागर, ज्याला तू बसवलंस, तोच बाळावर धावून गेला. म्हणाला, "मी बसलो ते दिसलं नाय काय तुम्हाला?" बाळा लाल झाला, पान थुंकायला जागा शोधायला लागला, ढिगाऱ्याकडे वळला, तर बायकांनी त्याला तिथून हाकललं. तो तसाच रागाने तोंड भरून जेटीकडे गेला आणि फेरीबोटीत बसला. फायनल अंपायरशिवाय झाली. कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही.

मी तुला इज्जतीने आणतो म्हणून आणलं, आणि त्याच जागी तोच हात तुला पुन्हा दाखवला. मुंब्र्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, असं कबूल केलं होतं. बोलत नाही. एवढंच सांगतो, की संध्याकाळी मंडळाची पोरं ढिगारा मोडायला फावडी घेऊन गेली, त्यांना वाटलं तुला तो नजरेसमोर नको असेल. तर मोहल्ल्यातल्या आणि वाडीतल्या बायकांनी फावडी काढून घेतली. फरीदा म्हणाली, "हा गनीभाईचा आहे. मोडायचा तर त्याला विचारा."

तर विचारतोय.

रावजी

०

दाभोळ,
२१ जानेवारी २०२५

रावजी,

कान आहेत तुला, डोक्याचं काय ते बघ.

मी रागाने गेलो नाही. चेंडू हातातून सुटला आणि खांद्यात अशी कळ आली, की डोळ्यांसमोर आख्खी दाभोळ खाडी उलटी झाली. तोंड उघडलं असतं तर शब्द आला नसता, बोंब आली असती. एवढे लोक माझ्यासाठी उभे राहिलेले, त्यांच्यासमोर बोंबलत उतरू? म्हणून ओठ दाबून घरी आलो. बाळाचा हात मी पाहिलासुद्धा नाही. इफ्फतने रात्री तुला घालवलं, कारण मी शर्ट काढून बसलो होतो आणि तिला वाटलं आपण दोघं हसत बसू.

आज पहिल्या फेरीबोटीने बाळा आला. पान नव्हतं तोंडात. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "अरे, चेंडू चोख होता. मी हात वरच करत होतो." म्हटलं, मग? तर उठून त्याने करून दाखवला. उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथे अडकला, आडवा. पुढे जाईना. "दोन वर्षं झाली," म्हणाला. "आरशासमोर रोज करून बघत होतो, एक दिवस जाईल वर म्हणून. कुणाला सांगितलं असतं, तर लोकांनी दुसरा अंपायर आणला असता."

रावजी, मी इतका हसलो की खांदा परत दुखला. तो चिडला. मग मी माझा हात वर करून दाखवला. तो जिथे अडकला, तिथेच माझाही अडकला. मग तोही हसला.

एकोणनव्वदचं विचारलं मी. म्हटलं, तेव्हा तरी हात वर जात होता ना? म्हणाला, "तेव्हा जात होता, म्हणूनच सांगतो. ते चारही नो बॉलच." मी म्हटलं, होतेच. विषय संपला. पस्तीस वर्षांचा विषय चहा उकळेपर्यंतही टिकला नाही. त्याने सागरलाही निरोप धाडलाय, की तू आऊट आहेस.

रजा संपली की दमामला जाईन, आणि मार्चमध्ये रिटायर झालो की शेवटचं सामान निघेल. ते दाभोळलाच येईल. मेहुण्याला फोन केला, स्पीकरवरच, म्हणजे तुला एव्हाना कळलंच असेल. इफ्फतने नव्या पडवीत माझी खुर्ची टाकली.

ढिगारा मोडू नका. सकाळी वर जाऊन आलो, मोगरा ताजा होता. एका बाईने मला बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, "चपला काढ रे, वाकड्या." काढल्या. वाईट वाटलं नाही, याचंच नवल वाटतंय.

आता कामाचं. बाळा दुपारपर्यंत आहे, उद्याही येतो म्हणतोय. दोन खुर्च्या लावून आम्ही खाडीकडे तोंड करून बसलोय, दोघांच्या खांद्यावर फडकी आहेत आणि ती कोरडी आहेत. फरीदाबरोबर बर्फ पाठव. दोघांना पुरेल एवढा.

मँगो